तीन पायऱ्या, एक अरुंद न्हाणीघर आणि दोघांच्या वेगळ्या गरजा : घरातील बदल कोठून सुरू करावेत?

जुने घर

नमस्कार. तपशील दिल्याशिवाय उत्तर देणे अवघड जाईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी आई ७६ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून फारसा चालत नाही. उजव्या पायात ताकद आली आहे, पण पाऊल उचलताना बोटे जमिनीला घासतात. घरात ती चार पायांच्या काठीने चालते आणि बाहेर जायचे असेल तर व्हीलचेअर लागते. वडील ८१ वर्षांचे असून हिंडते-फिरते आहेत, परंतु दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास झाल्यामुळे त्यांना कडेचे दिसते आणि नेमके समोरचे दिसत नाही. गेल्या दोन महिन्यांत ते दोनदा पडले. दोन्ही वेळा रात्री, न्हाणीघराकडे जाताना.

घर बैठे आहे. पुढच्या दाराला तीन पायऱ्या असून त्यांची एकूण उंची ४५ सेंटिमीटर भरते, आणि दारापुढे मोकळी जागा जेमतेम ३ मीटर आहे. मागे जमीन चढती असल्याने स्वयंपाकघराच्या दाराशी १५ सेंटिमीटरची एकच पायरी आहे. न्हाणीघर दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असून कमोड त्यातच आहे. दाराची चौकट ७० सेंटिमीटरची, दार आत उघडणारे, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला ५ सेंटिमीटरचा उंबरठा आहे.

भावाचे म्हणणे असे की आता तोडफोड करायचीच आहे तर सगळे घर एकदाच व्हीलचेअरसाठी करून टाकावे. मला वाटते की आधी न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून बघावे. आई म्हणते, ‘माझ्या घराचे इस्पितळ करू नका.’ ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कृपया सांगावे की पहिले काम कोणते धरावे, आणि नंतर पश्चात्ताप होईल अशा कोणत्या चुका टाळाव्यात.

रोजची कामे

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. पक्षाघातानंतर घरी परतलेल्या माणसांना पुन्हा आपापली कामे करता यावीत यासाठी मदत करणे हे माझे काम आहे. तुमचा आणि भावाचा वाद ‘किती बदलायचे’ यावर चाललेला दिसतो. तो जरा बाजूला ठेवून एक दिवस आणि एक रात्र केवळ बघण्यासाठी द्या, अशी माझी पहिली विनंती आहे. आई पलंगावरून उठताना हात कुठे टेकवते, कमोडवर बसण्यापूर्वी वळताना काठी कुठे ठेवते, तोल जातोसे वाटले की कशाला धरते, हे लिहून काढा. दाराची मूठ, बेसिनची कड, टॉवेलची दांडी अशी जी नावे या यादीत येतील, त्या प्रत्येक ठिकाणी खरे तर आधाराची गरज आहे आणि आज तिथे खोटा आधार आहे.

वडिलांच्या बाबतीत मी याहून घाई करीन. दोन महिन्यांत दोनदा पडणे म्हणजे तिसऱ्यांदा पडण्याचा धोका मोठा आहे असे समजावे. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, लघवीची घाई असते, खोलीत अंधार असतो आणि त्यात समोरचे दिसत नाही. यांपैकी नेमके काय घडले हे ते कुठे पडले यावरून पुष्कळ कळते. पलंगापाशीच पडले असतील तर रक्तदाब आणि चालू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवणे हे कोणत्याही दांड्यापेक्षा आधी. दारापाशी पडले असतील तर उंबरठा आणि उजेड आधी. घरातील धोके दूर केल्याने काय साधते, याचा एक मोठा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अहवाल, २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पडण्याचे प्रमाण एकंदरीत सुमारे २६ टक्क्यांनी घटते, आणि ज्यांना मुळातच धोका जास्त आहे, म्हणजे अलीकडे पडलेले किंवा रोजच्या कामांत मदत लागणारे, त्यांच्यात सुमारे ३८ टक्क्यांनी. धोका जास्त नसलेल्यांच्या बाबतीत मात्र फारसा फरक आढळला नाही. तुमच्या घरात दोघेही पहिल्या गटात मोडतात, त्यामुळे खर्च आणि कष्ट वाया जाणार नाहीत.

आता दांड्यांविषयी. कमोडवर बसल्यावर आईचा डावा हात ज्या बाजूला येतो, त्या बाजूला भिंत आहे का ते आधी पाहा. भिंत उजवीकडे असेल तर तिथे लावलेला सुंदर दांडा तिच्या काहीच उपयोगाचा नाही. मग डावीकडे जमिनीत रोवलेला किंवा मागच्या भिंतीला बसवलेला, वर उचलून ठेवता येणारा दांडा लागेल. उंचीच्या बाबतीत मानकांवर डोळे मिटून विसंबू नका. अमेरिकेच्या मानकात आडवा दांडा जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर सांगितला आहे, तर ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत तो ६८ सेंटिमीटरवर येतो. एवढा फरक पडतो, कारण कमोडवर कोण आणि कसे सरकून बसणार याची दोघांची कल्पना वेगळी आहे. पक्षाघातानंतर हात खाली रेटून उठणाऱ्या माणसाला बहुधा बैठकीपासून २० ते ३० सेंटिमीटर वरचा आडवा दांडा सोयीचा पडतो, आणि उठून उभे राहिल्यावर तोल सांभाळण्यासाठी त्याच्या पुढच्या टोकाला एक उभा दांडा लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. आईला उजव्या हातापायाला गरम-गार नीट कळते का? पक्षाघातानंतर ही जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते, तर ४९ अंशांना त्यासाठी काही मिनिटे लागतात. बंबाच्या टाकीतले पाणी जंतू वाढू नयेत म्हणून गरमच ठेवावे लागते. तापमान कमी करायचे ते नळापाशी, मिश्रण करणारी झडप बसवून.

ओळंबा

वरचे उत्तर उत्तम आहे. मी भिंतीच्या बाजूने बोलतो. बांधकामात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि आधाराचा दांडा भिंतीतून उपटून हातात आलेला मी स्वतः पाहिला आहे. दांडा चांगला होता, भिंत पोकळ विटांची होती आणि बसवणाऱ्याने प्लास्टिकच्या साध्या गुट्ट्या ठोकल्या होत्या. पडणारा माणूस दांड्याला नुसता धरत नाही, तो त्याला लटकतो. अमेरिकी मानक या दांड्याने सुमारे ११३ किलो वजनाइतका जोर कोणत्याही दिशेने सोसावा अशी अपेक्षा ठेवते. भिंत भरीव असेल तर चांगले अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) पुरतात. पोकळ असेल तर रासायनिक अँकर (भोकात राळ भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे पोलादी पट्टी द्या. निर्वात चकतीने टाइलला चिकटणारे दांडे मिळतात, त्यांच्यावर कोणाचेही शरीर सोपवू नका. दांडा आणि भिंत यांच्यामध्ये ३८ मिलिमीटर अंतर ठेवावे. बोटे वळतात आणि हात घसरला तरी कोपरापर्यंत आत जाऊन अडकत नाही.

भावाच्या म्हणण्यात एका ठिकाणी तथ्य आहे. न्हाणीघराच्या टाइल काढणारच असाल, तर उघड्या भिंतीत पुढे कधी लागू शकतील अशा सगळ्या जागी आधार आत्ताच भरून ठेवा, आणि मोजपट्टी भिंतीला लावून छायाचित्रे काढा. पाच वर्षांनी टाइलमागे काय आहे हे कोणालाच आठवत नाही.

दाराचे सांगतो. चौकट ७० सेंटिमीटरची आहे म्हणजे वाट ७० सेंटिमीटरची आहे असे नव्हे. दार काटकोनात उघडून, दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा, ६४-६५ भरेल. व्हीलचेअर साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते, त्यात हातांची बोटे बाहेर असतात. निर्वेध वाट किमान ८० सेंटिमीटरच्या पुढे हवी. बाहेर सरकणाऱ्या बिजागऱ्या लावून दाराच्या जाडीइतकी जागा वाचते, पण तुमच्या बाबतीत चौकटच मोठी करावी लागेल. ते लांबणार असेल तर निदान दार आजच बाहेर उघडणारे करून घ्या. आत पडलेला माणूस दारालाच अडून राहतो आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी. सरकते दार उत्तम, मात्र ते ज्या भिंतीवर सरकणार तिथे विजेची बटणे नाहीत ना हे आधी पाहावे. मी एकदा पाहिले नव्हते.

उंबरठा नुसता फोडून चालणार नाही. पाणी वाहण्यासाठी फरशीला साधारण ५० ला १ असा ढाळ लागतो. दारापाशी फरशी खोलीच्या पातळीला आणली, तर दोन मीटरवरच्या नहाणीपाशी, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या जाळीपाशी, ती ४ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि तेवढी खोली खालच्या पाइपाला मिळते का हे फोडण्यापूर्वी तपासावे. चारी बाजूंनी मध्यभागी उतरणारा ढाळ देऊ नका. त्यावर चार पायांची काठी डगमगते. लांब चर असलेली नहाणी दाराच्या समोरच्या भिंतीलगत घेतली की ढाळ एकाच दिशेने राहतो.

दोन चाके

मी बावीस वर्षे व्हीलचेअर वापरतो, म्हणून रॅम्पविषयी थोडे बोलण्याचा अधिकार घेतो. तुमच्या पुढच्या दाराचे गणित सरळ आहे. साधारणपणे मान्य असलेला सर्वांत तीव्र उतार १२ ला १ हा आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढण्यासाठी ५.४ मीटर लांबी, शिवाय वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटरची सपाट जागा. दारापुढच्या ३ मीटरमध्ये रॅम्प कोंबला तर तो जवळजवळ पावणेसातला १ होईल. असल्या उतारावर ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. रॅम्प आहे असे सांगता यावे एवढ्यापुरतेच असे रॅम्प बांधले जातात. वरची सपाट जागा गाळणे हीसुद्धा नेहमीची चूक. उतारावर खुर्ची एका हाताने थोपवून दुसऱ्या हाताने दार उघडून पाहावे, म्हणजे तिचे महत्त्व कळते.

फाटकापासून कुंपणाच्या कडेने घरापर्यंत ९ मीटर जागा मिळत असेल, तर रॅम्पचा विचारच सोडा आणि २० ला १ अशी चढती पायवाट करा. तिच्या कडेला झाडे लावा. ती रॅम्प आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही आणि आईचे इस्पितळाचे म्हणणेही राहील. तेवढी जागा नसेल तर स्वयंपाकघराचे दार आहेच, तिथे १.८ मीटरमध्ये काम होते. पण तिथे माझी एक अडचण आहे, आणि ती मापांची नाही. अनेक घरांत, कचेऱ्यांत आणि समारंभांत मी मागच्या दाराने आत गेलो आहे. सगळे पुढून आणि मी भांडी, पिंपे यांच्यामधून. एकदा चालते, कायमचे झाले की बोचते. मागचे दार निवडायचेच असेल तर सगळ्या घरानेच ते वापरायला लागावे, तिथे दिवा, घंटा, चपला ठेवायची जागा असावी. आणि हा निर्णय आईला विचारून व्हावा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली स्वीकारला गेला. त्याच्या १९ व्या कलमात कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. आपल्याच घरात कोणत्या दाराने शिरायचे, हे त्याहून फार लहान नाही.

भावाला सांगा की ‘व्हीलचेअरचे घर’ म्हणून एकच ठोक प्रकार नसतो. मला वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तुमच्या आईला घरात नेमके उलटे हवे असेल : तीन-चार पावलांवर हाताशी येईल असे काहीतरी भक्कम. मोकळी केलेली मोठी खोली माझ्यासाठी स्वर्ग आणि तिच्यासाठी वाळवंट ठरू शकते. ज्यांचे पाऊल घासते त्यांना उतारापेक्षा कमी उंचीच्या, रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडे पुष्कळदा सोपे पडतात. पायवाट करा, पण पायऱ्या काढून टाकू नका.

जाता जाता : पडल्यावर मदत बोलावण्यासाठी छताला टांगलेली ओढण्याची दोरी लावलीत, तर तिचे खालचे टोक जमिनीपासून १० सेंटिमीटरवर हवे, कारण माणूस जमिनीवरून हाक मारणार आहे. झाडणाऱ्याच्या वाटेत येते म्हणून ती गाठ मारून वर बांधलेली मला इतक्या ठिकाणी दिसली आहे की आता मी आत गेल्यावर आधी ती सोडतो.

मंद उजेड

इथे बहुतेक चर्चा आईंच्या पायांची झाली, वडिलांच्या डोळ्यांची कमी, म्हणून लिहीत आहे. मलाही त्यांच्यासारखाच आजार आहे.

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. ८१ व्या वर्षी त्याहूनही कमी. म्हणून घरातल्या तरुणांना पुरेसा वाटणारा उजेड हा निकष धरू नये. मात्र छताला एक झगझगीत दिवा लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. चकचकीत फरशीवर तो दिवा परावर्तित झाला की मला पुढे पाणी सांडले आहे की नुसता उजेड पडला आहे हे कळत नाही. पलंगापासून कमोडपर्यंत गुडघ्याखालच्या उंचीवर, झाकलेले, पिवळसर दिवे लावा. पाय पलंगाखाली टेकताच ते आपोआप लागावेत. रात्री बटण शोधणे हीच अर्धी दुर्घटना असते.

दुसरी गोष्ट रंगांची. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा, पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड ही रचना मासिकात शोभते, मला ती दिसत नाही. बैठक गडद रंगाची घ्या. दांडा भिंतीहून ठळक वेगळा असू द्या. एक सोपी परीक्षा आहे : मोबाइलवर न्हाणीघराचे कृष्णधवल छायाचित्र काढा. लाल आणि हिरवा आपल्याला वेगळे वाटतात, पण त्या छायाचित्रात ते एकाच करड्या छटेत मिसळले तर मंद दृष्टीच्या माणसालाही ते मिसळलेलेच दिसणार. पुढच्या पायऱ्यांच्या कडेला सुमारे ५ सेंटिमीटरची ठळक पट्टी, प्रत्येक पायरीला, अगदी कडेवर. याउलट दारात काळे पायपुसणे टाकू नका; मला तो खड्डा वाटतो, आणि आईंच्या काठीला ते अडकेल ते वेगळेच.

वडील जवळचे आणि लांबचे एकाच काचेतून पाहण्याचा चष्मा वापरत असतील तर पायऱ्या उतरताना तो घातक ठरतो. खाली पाहिले की वाचायची काच येते आणि पायरीची कड धूसर होते. चालण्यासाठी लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करता येतो. सामानाची जागा वारंवार बदलू नका, हे तर सांगायला नकोच; तरी सांगतो, कारण आमच्या घरी दर महिन्याला कोणीतरी खुर्ची हलवतेच.

जुने घर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस आम्ही फक्त पाहिले. वडील दोन्ही वेळा न्हाणीघराच्या दारातच पडले होते, म्हणजे उंबरठा आणि अंधार. पलंगापासूनचे दिवे काल लागले, दार या आठवड्यात बाहेर उघडणारे होईल. रक्तदाब बसून आणि उभे राहून तपासायला डॉक्टरांकडे जाणारच आहोत. आईच्या यादीत सर्वांत वर टॉवेलची दांडी निघाली. ती हलवली तर थेट बाहेर येत होती, आणि आई दिवसातून पाच-सहा वेळा तिला धरून उठत होती.

पायवाटेसाठी फाटकापासून साडेनऊ मीटर मिळतात. स्वयंपाकघराच्या दाराविषयी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मी पाहुणी नाही, पुढूनच येणार.’ भाऊ न्हाणीघराच्या तोडफोडीपुरता राजी झाला आहे. पाइपाची खोली पाहून ढाळ ठरवू.

दोन शंका उरल्या आहेत. पायऱ्यांना आईच्या चांगल्या हाताच्या बाजूला एकच कठडा पुरेल का? आणि कमोड दोघेही वापरतात. आईला उठण्यासाठी बैठक उंच हवी, तर वडील ठेंगणे आहेत. मग माप कोणाचे धरावे?

रोजची कामे

एक कठडा पुरणार नाही. चढताना जो कठडा आईच्या डाव्या हाताला असेल तोच उतरताना उजवीकडे येईल, आणि धोका उतरताना अधिक असतो. दोन्ही बाजूंना बसवा, आणि पहिल्या व शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटिमीटर आडवे चालू ठेवा, म्हणजे शेवटचे पाऊल पडेपर्यंत हात सुटत नाही.

बैठकीचे माप आईचे धरावे. बसल्यावर तिचे गुडघे नितंबांहून किंचित खाली असावेत. वडिलांचे पाय अधांतरी राहतात का ते मग पाहा. राहत असतील तर कायमची उंच बैठक न बसवता वर ठेवायची, काढता येणारी आणि घट्ट अडकणारी बैठक घ्या. पायांखाली चौरंग ठेवण्याचा मोह टाळा, रात्री तोच आडवा येईल. दांड्याची उंची दोघांनाही बसवून ठरवा. कारागिराने भोक पाडण्यापूर्वी प्रत्येकाने बसून, उठून, स्वतःच्या हाताने भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी.

जुने घर

खुणा केल्या. आईची ७० सेंटिमीटरवर आली आणि वडिलांची ६६ वर. वडील म्हणाले की मला उठायला अडचण नाही, तिची खूण ठेवा, मला फक्त तो उभा दांडा गडद रंगाचा द्या. शनिवारी काम सुरू होईल. भिंत उघडली की छायाचित्रे इथे टाकते. ओळंबा यांनी अँकरविषयी तेव्हा पाहून सांगावे, कारण ठोकून पाहिल्यावर भिंतीचा एक भाग पोकळ वाजतो आहे.